हिवाळ्याची लूट

गेममध्ये राक्षस लोळवला की मिळते ती लूट. आणि संक्रांतीला आई-काकू शेजारणींना वाटून टाकतात तीही लूटच! स्वस्तातल्या, छोट्या, हिवाळी भेटींचा हा फंडा नेमका काय आहे, बॉस?

हिवाळ्याची १८ तारीख. सकाळचे सहा. घराबाहेर पडलात की टपालपेटीवर उद्गारचिन्ह नाचत असतं. आत गावचे मेयर लुईस यांचं पत्र. येत्या २५ तारखेला चौकात गावाची मेजवानी आहे, सगळ्यांनी यायचं. तुमच्या वाट्याला अमुक एक गावकरी आलाय. त्याच्यासाठी काहीतरी छानसं आणा. आणि हो, कोणाला सांगू नका!

बस्स. पुढचे सात दिवस डोक्याला एकच भुंगा. काय द्यायचं?

ज्यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळलाय त्यांना हे पत्र पाठ असेल. ज्यांनी नाही खेळला त्यांच्यासाठी थोडक्यात : शहरातल्या ऑफिसच्या कामाला विटलेला एक नोकरदार आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जातो, तिथे शेती करतो, मासे पकडतो, खाणीत उतरून चिकट राक्षसांशी मारामारी करतो आणि पेलिकन टाउन नावाच्या गावातल्या तीसेक माणसांशी ओळखी वाढवतो. एरिक बरोन या एकट्या माणसानं चार-साडेचार वर्षं खपून तो बनवला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो कॉम्प्युटरवर आला, २०१८-१९ मध्ये मोबाइलवर उतरला आणि आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्यात. मोबाइलवर आल्यावर तो थेट आपल्या डब्यातच शिरला. सीएसएमटीला जागा मिळाली की डोंबिवलीपर्यंत भोपळे लावायचे, कल्याणला गर्दी उतरली की गाईचं दूध काढायचं, आणि ‘पुढील स्टेशन विठ्ठलवाडी’ ऐकू आलं की दिवस संपवून झोपी जायचं, कारण गेम पक्का सेव्ह होतो तो झोपल्यावरच. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर... या पट्ट्यातल्या माणसाकडे रोजचे दोन-अडीच तास असतात ते असे.

आता त्या पत्राकडे. या सणाचं नाव ‘विंटर स्टार’. आपल्या ऑफिसातल्या सीक्रेट सँटाचा हा गावठी भाऊ. पण ऑफिसात काय होतं? तीनशे रुपयांची मर्यादा, सगळ्यांना मग. ज्याला गेल्या वर्षी मग मिळाला तो या वर्षी दुसऱ्याला मग देतो. गेममध्ये हे चालत नाही!

साठ नाण्यांची भाजी

चालत का नाही, याचं गणित भारी आहे. गेममध्ये प्रत्येक गावकऱ्याशी तुमची मैत्री आकड्यांत मोजली जाते. २५० गुण झाले की एक बदाम भरतो. कोणाला त्याची अगदी लाडकी वस्तू दिली तर ८० गुण. आवडती दिली तर ४५. ‘ठीक आहे’ छापाची दिली तर २०. नावडती दिली तर उलटे २० कापले जातात, आणि तिटकाऱ्याची दिली तर ४०. वाढदिवसाला हेच गुण आठपट होतात, विंटर स्टारला पाचपट. म्हणजे त्या एका दुपारी लाडकी वस्तू हातात ठेवली तर ४०० गुण, जवळजवळ दीड बदाम. एरवी आठवड्याला दोनच भेटी देता येतात, तेव्हा याला किती दिवस लागतील ते बघा.

पण खरी गंमत किमतीत आहे. जॉर्ज नावाचे एक आजोबा आहेत. चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर टीव्ही बघणारे, खडूस. त्यांची लाडकी वस्तू म्हणजे लीक, आपल्या कांद्याच्या पातीच्या कुळातली एक भाजी. विकायला गेलात तर ६० नाणी मिळतात. त्यांची बायको एव्हलिन, अख्ख्या गावाची आजी, तिला ट्यूलिपचं फूल दिलं की ती विरघळते. त्याची किंमत ३० नाणी. उलट खाणीच्या तळाशी जीव धोक्यात घालून एखादा इंद्रधनुषी खडा मिळतो, दोन हजार नाण्यांचा. तो जवळजवळ सगळ्या गावाला जीव की प्राण, अपवाद हेली नावाच्या एका मुलीचा. तिला तो दिलात तर थेट तिटकाऱ्याच्या खात्यात! महागडं गिफ्ट आणून तोंडावर आपटण्याचा अनुभव कोणाला नाही?

आणखी एक. लीक वसंतात रानात उगवतं. मेजवानी हिवाळ्यात, जेव्हा सगळीकडे बर्फ. म्हणजे जॉर्ज आजोबांना ते द्यायचं तर तुम्ही वसंतात, कोणाचं नाव येईल हे माहीत नसताना, एखादी जुडी पेटीत टाकून ठेवलेली असली पाहिजे. गेमला पैशांपेक्षा हे लक्षात ठेवणं मोलाचं वाटतं.

मला सगळ्यात आवडणारी जोडी मात्र पॅम आणि पेनी. एका जुन्या ट्रेलरमध्ये राहणाऱ्या मायलेकी. आईची लाडकी वस्तू बियर. मुलीला तिटकारा असलेली वस्तू, तीही बियरच. बस्स! दोन नोंदी, आणि त्या घरात रोज काय होत असेल ते तुम्हाला कळलं. इतर कुठल्या गेमनं इतक्या कमी शब्दांत घरातलं दुखणं सांगितलेलं मला आठवत नाही. आता पेनीचं नाव निघालं तर तुम्ही काय न्याल, आणि पॅमचं निघालं तर? गुण बघाल की लेक समोरच उभी आहे हे बघाल?

हे काही एकट्या स्टारड्यूचं डोकं नव्हे. बरोननं ज्याच्यावरून स्फूर्ती घेतली त्या ‘हार्वेस्ट मून’ या जपानी मालिकेत (पहिला भाग १९९६) गावकऱ्यांना भेटी देणं होतंच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला. तलवारी, ड्रॅगन, रक्ताचे पाट. पण डिसेंबर उजाडला की त्यातही ‘विंटर व्हेल’ हा सण येतो. चिलखत घातलेले दणकट वीर कोंबडीच्या अंड्यामागे धावायला लागतात, कारण सणाच्या म्हातारबाबाला आल्याची पाच बिस्किटं आणि एक थंडगार दूध नेऊन द्यायचं असतं. कालपर्यंत ज्यांनी सैन्यं कापली ते आज बिस्किटं भाजताहेत, हे दृश्य बघण्यासारखं असतं. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मध्ये २४ डिसेंबरला तुम्ही पोतं खांद्यावर घेऊन घरोघरी खेळणी वाटता. त्याच्या ‘न्यू लीफ’ या २०१२ च्या भागात तर महिनाभर शेजारी बोलता बोलता इशारे द्यायचे, ते लक्षात ठेवून त्या दिवशी योग्य खोकं योग्य दारात न्यायचं. २०२० च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये ही कटकट काढून टाकली. कोणालाही काहीही द्या, सगळे खूश. सोपं झालं, पण मजा गेली असं माझं मत.

आमच्याकडे ‘लुटतात’

आता जरा आईच्या कपाटाकडे वळू. डिसेंबर संपत आला की त्यात एक पिशवी दिसायला लागते. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या एकतीस चहागाळण्या. किंवा एकावन्न स्टीलच्या वाट्या. किंवा टिकल्यांच्या पाकिटांचा गठ्ठा. हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण. पेलिकन टाउनपेक्षा ही पद्धत कितीतरी जुनी आणि हिशेब तोच : हिवाळा, गाव आणि प्रत्येकीच्या हातात एक छोटी वस्तू.

आणि या वस्तू देण्याला मराठीत काय म्हणतात? वाण ‘लुटणं’. ‘या वर्षी काय लुटलंस गं?’ म्हणजे काय घेतलंस असं नाही, काय वाटून टाकलंस! गेमर मंडळींनो, इथे थांबा जरा. राक्षस मारल्यावर पडते ती ‘लूट’ इंग्रजीत आपल्याकडूनच गेली. ‘लूट’ हा हिंदीतला शब्द इंग्रजांनी उचलला (तोही लुटलाच म्हणा की), तो इंग्रजी कोशात गेला, तिथून गेममध्ये आणि तिथून परत आपल्या मोबाइलवर आला. तिकडे अर्थ राहिला ओरबाडून घेण्याचा. आमच्या आयांनी मात्र त्याच शब्दाला संक्रांतीच्या निमित्तानं उलटं करून ठेवलं.

मोसमही हिवाळ्याचाच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हळदीकुंकू करायचं. संक्रांत १४-१५ जानेवारीला ठरलेली, पण रथसप्तमी पंचांगाप्रमाणे सरकते. त्यामुळे २०२४ मध्ये १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा महिनाभराचा ऐसपैस वेळ मिळाला, तर २०२६ मध्ये १४ ते २५ जानेवारी असे जेमतेम बारा दिवस. त्यात दोन रविवार. नोकरी करणाऱ्या बायकांनी एका संध्याकाळी चार-चार घरं गाठायची म्हणजे जत्राच! सातची लोकल चुकली की पहिलं घर गेलंच.

गेम आणि वाण यांत एक मोठा फरक मात्र आहे. गेम म्हणतो, माणूस ओळख आणि मग दे. वाण म्हणतं, सगळ्यांना सारखं दे. बंगल्यातल्या मॅडमना चहागाळणी आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही तीच चहागाळणी. वरकरणी हे अगदी आळशी वाटतं. डझनाच्या भावात घ्या, वाटा, मोकळे व्हा. पण त्यात एक शहाणपण आहे. कोणाला काय मिळालं याची तुलनाच होत नाही. कोणी मोठं नाही, कोणी छोटं नाही. घेणारीला परतफेडीचं ओझं नाही, कारण तिच्याही घरी पंधरवड्यात हळदीकुंकू आहेच आणि तिथून तुमच्याकडे साबणाची डिश येणार आहे. अशा सात डिश घरात जमल्या की मग हसू येतं, ते वेगळं.

म्हणून वाण हे ऐंशी गुणांचं गिफ्ट नव्हेच. ते वीस गुणांचं आहे, ‘ठीक आहे’ छापाचं. आणि आता गेममधला एक छोटासा आकडा सांगतो, जो फारसं कोणी बघत नाही. गावकऱ्याशी दिवसातून एकदा नुसतं बोललं तरी किती गुण मिळतात? वीस! आवडनिवड न बघता दिलेल्या वस्तूइतकेच. आणि एखाद्याशी बोललाच नाहीत तर रोज दोन गुण गळतात, गुपचूप. तिळगूळ हातावर ठेवताना आपण ‘गोड बोला’ म्हणतो, ते काय उगीच? वस्तू हे निमित्त, बोलणं हा माल.

एक स्टेशन, दोन संक्रांती

विठ्ठलवाडीत उतरणाऱ्याला या हिवाळी वाटपाची आणखी एक तऱ्हा बघायला मिळते, जी ठाण्या-दादरच्या माणसाला सहसा दिसत नाही. स्टेशनला लागूनच उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये ठेवलं. त्या कल्याण कॅम्पला ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावं अजून आहेत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जोक तुम्ही ऐकलाच असेल. नसेल तर तुम्ही या लाइनीवर नवीन आहात!

तर सिंधी घरांत १३ जानेवारीच्या रात्री ‘लाल लोई’ची शेकोटी पेटते, आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत, त्यांच्या भाषेत ‘तिरमूरी’. त्या दिवशी लग्न झालेल्या लेकीच्या घरी माहेराहून तिळाचे लाडू आणि ‘लाई’ म्हणजे चिक्की पाठवतात. तीळही तोच, गूळही तोच. आपल्याकडे लेकीसुना स्वतः वाटतात, त्यांच्याकडे माहेर पाठवतं. ज्या मजल्यावर एका दारात देशपांडे आणि समोरच्या दारात वाधवानी अशी पाटी असते, तिथे १४ जानेवारीला दोन डबे एकमेकांना ओलांडून जातात. कोण आधी दार वाजवतं एवढाच प्रश्न.

वाणाची खरेदी करायची तर लोक इथेच येतात, कारण घाऊक भाव. गजानन मार्केटमध्ये कपडे, जपानी बाजारात बाकी सगळं. मार्च २०१८ च्या सरकारी अधिसूचनेनं राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि त्या जूनपासून दंड सुरू झाला. तेव्हापासून कापडी पिशवी हे वाण म्हणूनही शोभायला लागलं. वर्षभर वापरात राहणारं वाण म्हणाल तर मला त्याच्याइतकं दुसरं सुचत नाही.

यादीत कोण नाही?

इथवर सगळं गोडगोड झालं. आता जरा तिखट.

गेममध्ये लायनस नावाचा एक माणूस आहे. गावाच्या वरच्या अंगाला तंबूत राहतो. रात्री कचऱ्याच्या डब्यातून खाणं शोधतो. गावातले काही जण त्याला टाळतात. पण विंटर स्टारच्या दिवशी तोही चौकात हजर असतो, आणि मेयरच्या चिठ्ठीत त्याचंही नाव येऊ शकतं. त्याला काय आवडतं? नारळ, रताळ्यासारखा एक कंद, रानातून वेचलेलं काहीही. म्हणजे खिशात दमडी नसलेला नवखा खेळाडूही त्याचा मान राखू शकतो. (गेमही धुतल्या तांदळाचा नाही म्हणा. गटारात राहणारा क्रोबस या मेजवानीला नसतोच.)

आपल्या हळदीकुंकवाच्या यादीत कोण नसतं, हे सांगायला हवं का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचे काका दोन वर्षांपूर्वी गेले. तोपर्यंत दरवर्षी त्याच सगळ्यांच्या आधी यायच्या, गाणी म्हणायच्या, सुगडात कोणती बोरं घालायची ते सांगायच्या. आता त्या संध्याकाळी त्यांच्या दारावरून बायका जिन्यानं वर जातात, हसण्याचा आवाज खाली येतो आणि त्या टीव्हीचा आवाज वाढवतात. कोणी वाईट नसतं यात. कोणी ठरवूनही करत नाही. फक्त यादी करताना हात त्या नावापाशी थांबतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. छोट्याशा खेड्याला जे जमलं ते आपल्या ‘टॉवर ए, विंग बी’वाल्यांना जड जातं, हे जरा विचित्रच. लिफ्टमध्ये वायफाय हवं, यादी मात्र आजीच्या काळातली!

बरं, त्यात पुरुष नाहीत, लग्न न केलेल्या मैत्रिणी नाहीत, घटस्फोट घेतलेली सहकारी नाही. अलीकडे काही सोसायट्यांमध्ये सरसकट ‘तिळगूळ संध्याकाळ’ ठेवतात. सगळे येतात, सगळ्यांना एकच वस्तू. कुंकू ज्याला हवं त्याला, नको त्याला नुसता तिळगूळ. वाणाचा सारखेपणा राहतो आणि तिसऱ्या मजल्यावरचं दारही वाजतं. यात कोणाची संस्कृती बुडाल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

विठ्ठलवाडी, लेव्हल वन

आता खेळूया. समजा, मेयर लुईसची चिठ्ठी तुमच्या सोसायटीच्या पत्रपेटीत आली. गाव आपलंच. बजेट पन्नास रुपये. कोणाचं नाव निघेल सांगता येत नाही.

स्टँडवरचे शेअर रिक्षावाले दादा निघाले तर? लाडकी वस्तू : सुट्टे पैसे! एका छोट्या चेनच्या पाकिटात दहाची नाणी घालून द्या. पन्नासच्या बजेटात पाकिटासकट तीन बसतात, पण चेहरा बघा. क्यूआर कोड आले तरी सकाळच्या घाईत नेटवर्क गेलं की नाणंच कामाला येतं. तिटकाऱ्याची वस्तू : पाचशेची नोट, पहिल्याच फेरीला.

समोरच्या दारातल्या आजी. त्यांच्याकडे करंडे, डब्या, डिश, वाट्या सगळं आहे, पन्नास वर्षांचं वाण साठलेलं आहे. तेव्हा ‘ठीक आहे’पेक्षा पुढे जायचं तर डोकं लावावं लागेल. सुईत दोरा ओवायची ती छोटी पत्र्याची चकती बघितलीय, पातळ तारेची? शिवणाच्या सामानाच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळते. रोज दुपारी नातवाला हाक मारून दोरा ओवून घेणाऱ्या माणसाला तिचं मोल काय ते विचारा. हे ट्यूलिप आहे, तीस नाण्यांचं.

कॅम्प पाचच्या बाजूला जीन्स शिवणारे कारागीर. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते, शिवणाऱ्याची बोटं मात्र डेनिमनं खरखरीत होतात आणि थंडीत भेगाळतात. व्हॅसलीनची छोटी डबी. गिफ्ट पेपर नको. नुसती हातात द्या.

स्टेशनच्या पुलाखाली पहाटेपासून बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी. या पट्ट्यात, बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला तर विशेष, जानेवारीची पहाट मुंबईपेक्षा चांगलीच बोचरी असते. कानपट्टी चालेल. पण रंग विचारून घ्या, मावशींना फॅशनची जाण तुमच्यापेक्षा जास्त असते. आणि त्या दिवशी घासाघीस बंद. गेममध्ये भेट देऊन लगेच भाव पाडता येत नाही, इथेही करू नका.

किराणावाले अंकल. त्यांना वस्तू देणं अवघड, कारण त्यांच्याकडे सगळं आहे आणि सगळ्याचा खरेदीभाव त्यांना पाठ! इथे घरचंच काम येतं. आईच्या हातच्या गुळपोळ्या, दोन, डब्यात. डबा रिकामा परत येणार नाही याची खात्री बाळगा. लाई येईल, नाहीतर पापड तरी. सिंधी घरात पाहुण्यापुढे पाण्याबरोबर पापड येतो, ही तर या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट.

हे सगळं वाचून ‘किती फिल्मी’ वाटत असेल तर एक वेगळी वाट. पाच-सहा मित्र रविवारी फासे घेऊन बसत असाल, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापाचं काही खेळत असाल, तर जानेवारीतला एक डाव असाच लावा. गोष्ट सांगणाऱ्यानं बर्फातलं एक गाव मांडायचं, लोहार, खानावळवाली, पुजारी, नदीवरचा नावाडी. चौघा वीरांना प्रत्येकी पाचच नाणी. लढाई नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं एका गावकऱ्याला खूश करायचं, आणि काय हवं ते थेट विचारायचं नाही. बघा मग, ड्रॅगनपुढे न डगमगणारे बहाद्दर लोहाराच्या बायकोपुढे कसे गडबडतात ते! गोष्ट सांगणाऱ्यासाठी फक्त एक टिप : गावकऱ्यांची परतभेट जादूची ठेवू नका. हातमोजे द्या, लोणच्याची बरणी द्या. चार डावांनंतर जादूची तलवार कोणाच्या लक्षात राहत नाही, पण गुहेत अडकल्यावर लोणच्याची बरणी सगळ्यांना बरोबर आठवते.

शेवटचं नाव वॉचमन काकांचं, आणि हे सगळ्यात अवघड. कारण त्यांना सगळेच देतात. पहिल्या मजल्यावरून जुना स्वेटर, चौथ्यावरून जुना स्वेटर, सहाव्यावरून चेन बिघडलेलं जॅकेट. हे गिफ्ट नव्हे, हे कपाट आवरणं. रात्री आठ ते सकाळी आठ खुर्चीत बसलेल्या माणसाला काय लागतं? गेममध्ये हे कळायला एकच रस्ता आहे, येता-जाता बोलणं, वीस-वीस गुणांनी. एका सोसायटीत एक मुलगी महिनाभर रोज रात्री दोन मिनिटं थांबून बोलायची, तेव्हा तिला कळलं की केबिनमधला प्लग दाराच्या मागे आहे आणि चार्जिंगला लावलेला फोन खुर्चीपर्यंत पोचत नाही. गावाकडे बायको रात्री साडेनऊला फोन करते. काका उभ्यानं बोलायचे, दाराला टेकून, अर्धा-अर्धा तास.

तिनं लांब वायरची चार्जिंग केबल आणली. बजेटच्या थोडी बाहेर गेली ती, पण चालतंय.